फोटो ठेवायचा कुठे: ब्लॉसम, आयपीएफएस की आरवीव्ह?

नोस्टर म्हणजे कुणा एका कंपनीच्या ताब्यात नसलेलं, सोशल मीडियाचं खुलं जाळं. त्यावरचा मजकूर पुसणं अवघड, हे खरं. पोस्टवर तुमच्या खासगी चावीची (फक्त तुमच्याकडे असलेल्या गुप्त कोडची) सही असते आणि ती पोस्ट एकाच वेळी अनेक रिलेंवर, म्हणजे पोस्ट साठवून पुढे देणाऱ्या सर्व्हरवर, जाते. एकाने काढली तरी दुसरीकडे वाचता येते. फोटोचं तसं नाही. पोस्टमध्ये सहसा असते ती फक्त त्याची लिंक, आणि लिंक जाते कुठल्यातरी एकाच सर्व्हरकडे. तिथून फाइल उडाली की पोस्ट शाबूत, फोटोच्या जागी रिकामी चौकट. मॅस्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या सोशल नेटवर्कवालेही यात फार पुढे नाहीत: खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं तर फॉलोअर्स सोबत येतात, जुन्या पोस्ट आणि चित्रं मागेच राहतात.

ब्लॉसम ही फाइली अनेक सर्व्हरवर ठेवायची पद्धत, नेमकं याच दुखण्यावर काढलेलं औषध आहे. फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा कोड) काढायचा, तेच तिचं नाव. चार सर्व्हरवर ठेवली तरी नाव एकच. आपले सर्व्हर कोणते याची यादी तुम्ही नोस्टरवरच सही करून जाहीर करता. पहिल्या सर्व्हरवर फाइल नसेल तर अ‍ॅप यादीतल्या पुढच्याकडे तेच नाव मागतं. हॅश जुळवला की मधे कुणी फाइल बदललेली नाही हेही कळतं. मात्र ही शोधाशोध अ‍ॅपला यायला हवी, नाहीतर सगळी कसरत वाया. दुसरी मेख हॅशचीच आहे. सर्व्हरने फोटो ‘हलका’ करून ठेवला, तर एका बाइटच्या फरकानेही हॅश बदलतो आणि इतर प्रतींशी त्याचं नातं तुटतं. म्हणून आकार कमी करणं, फोटोत दडलेली ठिकाणाची माहिती काढणं हे अपलोडच्या आधी, फोनवरच उरका.

आयपीएफएस याच कल्पनेचा २०१५ मधला थोरला भाऊ. इथे यादी लागत नाही, ‘ही फाइल कुणाकडे आहे?’ हे जाळ्यालाच विचारता येतं. पण ‘आयपीएफएसवर टाकलं म्हणजे कायमचं’ हा शुद्ध गैरसमज. कुणीतरी ती फाइल पिन करून, म्हणजे आपल्या यंत्रावर जपून, ठेवायला हवी; त्यासाठी सतत चालू असलेलं यंत्र तुमचं तरी हवं किंवा पैसे देऊन दुसऱ्याचं. शिवाय बहुतेक वाचक येतात गेटवेतून, म्हणजे साध्या ब्राउझरला आयपीएफएसवरची फाइल आणून देणाऱ्या सर्व्हरमधून. १ ऑक्टोबर २०१७ च्या, स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातल्या स्वातंत्र्याच्या सार्वमतासाठी मतदान केंद्र शोधायचं संकेतस्थळ आयपीएफएसवर होतं. स्पेनमध्ये तो गेटवेच अडवला गेला. स्वतःचा नोड (आयपीएफएसच्या जाळ्याला थेट जोडलेलं यंत्र) चालवणाऱ्याचं काही बिघडलं नाही, पण असे मतदार किती असणार?

आरवीव्ह म्हणजे फाइली कायमच्या साठवण्यासाठीचं जाळं, त्याचा हिशेब वेगळा: एकदाच पैसे भरा, साठवणुकीचा पुढचा खर्च त्यातूनच भागवायचा अशी रचना. जून २०२१ मध्ये हाँगकाँगचं वृत्तपत्र ‘अ‍ॅपल डेली’ बंद पडलं, तेव्हा त्यातले लेख कार्यकर्त्यांनी इथेच आणून ठेवले. अशा कामाला याच्या तोडीचं मला दुसरं काही दिसत नाही. पण मिटवायची सोय नाही. मोर्चातल्या पोराचा चेहरा चुकून गेला, तर उद्या त्याने हात जोडले तरी तुमच्या हातात काही नसतं. ब्लॉसमवर निदान तुमच्या सर्व्हरवरून फाइल काढता येते. इतरांनी केलेल्या प्रती त्यांच्याकडे राहणारच.

रोजच्या फोटोंसाठी मी डोळे झाकून ब्लॉसम सांगेन: दोन वेगळ्या देशांतले, वेगळ्या मालकांचे सर्व्हर, आणि जमलं तर तिसरा स्वतःचा. घरी चोवीस तास चालणारं यंत्र असेल आणि हौसही असेल तर आयपीएफएस. आरवीव्ह फक्त त्या दस्तऐवजांसाठी, जे कधीच परत घ्यायचे नाहीत. इंटरनेटच बंद केलं तर तिन्ही सारखेच निरुपयोगी, हे वेगळं सांगायला नको.

मूळ फाइल मात्र, जशी चढवली अगदी तशीच, घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. ब्लॉसमचे सगळे सर्व्हर गेले तरी तीच फाइल नव्या सर्व्हरवर चढवून यादी बदलली, की ही यादी पाहणाऱ्या अ‍ॅपमध्ये जुन्या पोस्टमधला फोटो पुन्हा दिसू लागतो.