कपाचा ओलावा मीटर: सोयाबीनसाठी घ्या, कापसासाठी नको

वर दाणे ओतायचा कप, खाली तीन-चार बटणं, आत बॅटरी आणि खोक्यावर गव्हापासून मोहरीपर्यंत पंधरा-वीस पिकांची यादी. असा हातात मावणारा ओलावा मीटर आता तालुक्याच्या दुकानातही मिळतो आणि ऑनलाइनही. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मीटरचं नाही, या प्रकाराचं आहे. आतलं तंत्र जवळपास सारखंच असतं. फरक पडतो तो पिकाचा तक्ता किती नीट बसवलाय यावर.

आधी पैशांचं बोलू. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे आणि हमीभाव केंद्रावर ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. (२०२४ च्या हंगामात ती १५ पर्यंत सैल केली होती, पण दरवर्षी तसं होईल असं धरून चालू नका.) समजा २० क्विंटल माल १५ टक्क्यांवर आहे. तो १२ वर आला की वजन किती घटेल? बहुतेक जण ३ टक्के, म्हणजे ६० किलो सांगतील. घट ६८ किलोची असते. १०० किलोत कोरडा माल ८५ किलो. तो १२ टक्के ओलाव्याच्या मालाचा ८८ टक्के भाग होतो, म्हणून ८५ भागिले ०.८८, उत्तर ९६.६ किलो. अडत्याने ‘घट’ कापली की हे गणित कागदावर करून बघावं. कधी त्याचं बरोबर असतं, कधी त्याने त्यात मातेरं (काडीकचरा) आणि कडताही (वजनातली वरची कपात) बसवलेला असतो.

उलट बाजूचं नुकसान कुणी मोजत नाही. भीतीपोटी माल आणखी दोन दिवस ताडपत्रीवर ठेवला आणि १२ चा ११ झाला, तर २० क्विंटलमागे साडेबावीस किलो पाणी उडालं. भाव वजनावर मिळतो, त्यामुळे हे जवळपास १,२०० रुपये उन्हात गेले. शिवाय जास्त वाळलेल्या सोयाबीनची पोती उचल-आपट करताना डाळ होते, ती वेगळी. मीटरची किंमत वसूल होते ती इथे, ‘आता गोळा करा’ हे वेळेवर सांगण्यात.

मीटर पाणी मोजत नाही, हे समजलं की त्याच्या निम्म्या खोड्या आपोआप समजतात. कपाच्या भिंती म्हणजे कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाच्या, दोन पट्ट्या आणि दाणे त्यांच्यामधला पदार्थ. वीज साठवून धरायला मदत करण्याचा गुण पाण्यात सुमारे ८० पट असतो, हवेत १ आणि कोरड्या दाण्यात त्यांच्यामध्ये कुठेतरी, पण हवेच्या बरंच जवळ. दाण्यात पाणी वाढलं की कपाची वीज साठवायची क्षमता वाढते आणि मीटर आत भरलेल्या त्या पिकाच्या तक्त्यात पाहून टक्के दाखवतो. दाणे दाबून भरले की हवा कमी होते, आकडा वर जातो. मीटर गव्हावर राहिला आणि कपात सोयाबीन टाकलं, तर आकडा साफ चुकतो. तरीही तो ११.८ असा दशांशासकट येतो, म्हणून माणूस फसतो.

तापमानाचंही तेच. दाणा गरम असेल तर आकडा वर सरकतो. मीटरमध्ये तापमानाची दुरुस्ती असते, पण ती सेन्सरजवळच्या तापमानावर चालते. मीटर घरातून थंड आला आणि दाणा दुपारच्या उन्हातला असला, तर दुरुस्ती चुकीच्या आकड्यावर होते. दोन्ही एकाच सावलीत अर्धा तास ठेवा, मग मोजा. एप्रिलच्या खळ्यावर हरभरा मोजताना हे विसरू नका. बहुतेक मीटर ४० अंशांपर्यंतच चालवावेत असं पुस्तिकेत असतं आणि विदर्भात तेव्हा पारा ४२-४३ वर असतो. हरभरा सकाळी सातला मोजा.

मोजायची रीत सोपी आहे, पण प्रत्येक पायरीला कारण आहे. नमुना गंजीच्या वरून घेऊ नका. वरचा थर उन्हाने दीड-दोन टक्के कोरडा असू शकतो. गंजीत कोपरापर्यंत हात घालून चार-पाच जागांहून मूठभर दाणे घ्या. पोती भरलेली असतील तर परखी (नमुना काढायची टोकदार नळी) खुपसून वर, मधे आणि तळाशी असा माल काढा. सगळा एका कोरड्या घमेल्यात मिसळा. काडी, शेंगांची टरफलं, मातीचे खडे आणि डाळ झालेले दाणे वेचून टाका, कारण मातीचा ओला खडा एकटाच आकडा बिघडवतो. मग खुणेपर्यंत ओता. नेहमी एकाच उंचीवरून, एकाच वेगाने. कप ठोकू नका, बोटाने दाबू नका. वजनावर चालणारा मीटर असेल तर पुस्तिकेत दिलेले ग्रॅम मोजून घाला. तीन वेळा रिकामा करून भरा आणि सरासरी घ्या. तिन्ही आकड्यांत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक पडला, तर मीटरला दोष देण्याआधी नमुना पुन्हा मिसळा.

दोन प्रसंगी मात्र मीटर हमखास फसवतो. सकाळच्या दवात किंवा रिमझिम पावसात भिजलेला दाणा बाहेरून ओला आणि आतून कोरडा असतो, तेव्हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. हडंब्यातून (मळणी यंत्रातून) काढून भर उन्हात चार तास वाळवलेल्या दाण्याचं उलट. साल कोरडी, गर ओला, आणि मीटर म्हणतो १२. संध्याकाळी पोती शिवली की रात्रभरात आतला ओलावा बाहेर येतो आणि सकाळी केंद्रावर त्याच मालाचे १३.५ निघतात. मग भांडण ‘त्यांचा मीटर खोटा’ इथून सुरू होतं. बरेचदा दोन्ही मीटर आपापल्या वेळी खरे असतात. वाळवलेला माल गंजी करून, झाकून सहा-आठ तास मुरू द्या. शेवटचा आकडा त्यानंतरचा धरा.

आता खरा प्रश्न: तुमचा मीटर बरोबर आहे हे कशावरून? अडत्याच्या मीटरशी ताडून काही कळत नाही. दोन घड्याळं जुळली म्हणून वेळ बरोबर ठरत नाही. ओलाव्याची शेवटची कसोटी भट्टीत होते. नमुना मोजून ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवतात, वजन घटायचं थांबेपर्यंत. १०.०० ग्रॅमचे ८.८० उरले तर १.२० ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे १२ टक्के. यात १ टक्का म्हणजे फक्त ०.१ ग्रॅम, त्यामुळे एक ग्रॅमवर थांबणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्याने हे होणार नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. पंखा बंद ठेवा. गरम नमुना थेट काट्यावर ठेवू नका, कारण वर चढणारी गरम हवा त्याला हलका दाखवते. उघडा ठेवूनही गार करू नका, हवेतला ओलावा परत शोषतो. घट्ट झाकणाच्या डबीत गार होऊ द्या आणि मग तोला.

म्हणजे ओलाव्याचा प्रश्न शेवटी वजनाचाच निघाला. वजनाची साखळी मात्र पक्की आहे. पॅरिसजवळ जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या राहिला नाही. किलो आता प्लँक स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून ठरतो. त्याच दंडगोलाची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. तिथून उतरत उतरत तुमच्या बाजार समितीच्या काट्यापर्यंत मापं येतात आणि वैधमापनशास्त्र विभाग इलेक्ट्रॉनिक काट्याला दर १२ महिन्यांनी तपासून शिक्का मारतो. हातातल्या ओलावा मीटरसाठी ही साखळी तुम्हालाच विचारून घ्यावी लागते. दुकानदाराकडे कॅलिब्रेशनचा, म्हणजे मीटर ताडून पाहिल्याचा कागद मागा. कोणत्या पिकाचा नमुना, ओव्हनचा आकडा किती, मीटरचा किती, तारीख काय, एवढं त्यावर नसेल तर तो कागद म्हणजे नुसतं वॉरंटी कार्ड. आणि निदान दोन ओलाव्यांवर, साधारण ९ आणि १५ च्या आसपास, तपासलेलं असावं. एकाच ठिकाणी जुळलेला मीटर टोकाला भरकटू शकतो.

ओव्हन माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतही असतो. एकदा ओळखीने तीन नमुने तपासून घेतले की तुमचा मीटर अर्धा टक्का वर दाखवतो की खाली, ते कळतं. तेवढं मीटरच्या पाठीवर पट्टी चिकटवून लिहा. नेहमी सारखंच चुकणारा मीटर चालतो, कधी वर कधी खाली जाणारा नको. ओव्हन मिळालाच नाही तर मिठाची जुनी युक्ती आहे: कोरड्या काचेच्या बाटलीत एक भाग कोरडं मीठ, तीन-चार भाग दाणे घालून मिनिटभर हलवा. मीठ काचेला चिकटलं तर माल १५ च्या वर आहे. १२ की १३ हे मात्र मीठ सांगणार नाही.

कापसाचं वेगळं. कपात रुई एकसारखी भरताच येत नाही, म्हणून कपाचा मीटर इथे बाद. दोन-चार टोकदार पिनांचा मीटर लागतो, जो विजेला होणारा अडथळा मोजतो. इथेही दाब महत्त्वाचा. ढिगात पिना सैल खुपसल्या की १० दिसतात, वरून गुडघा टेकवून दाबलं की तेच ११-१२ होतात. केंद्रावरचा ग्रेडर (प्रत ठरवणारा) मुद्दाम दाबतो असं नाही, पण गाडीतला दबलेला कापूस आणि घरातला फुललेला कापूस यांचे आकडे जुळत नाहीत. घरी मोजतानाही गाठोडं बांधून, घट्ट करून मोजा.

२०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० आहे, तो ८ टक्के ओलाव्याला. पुढच्या प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात: ९ ला ८,०२८.९०, १० ला ७,९४७.८०, १२ ला ७,७८५.६०. १२ च्या वर सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ, हमीभावाने कापूस घेणारी सरकारी संस्था) घेतच नाही. पहिल्या वेचणीचा दव लागलेला कापूस सकाळी आठला वेचून तसाच गाठोड्यात बांधला, तर रुई लवकर सुकते, पण सरकी ओली राहते आणि पिना टोचतात त्या रुईला. दोन दिवस पातळ पसरून मग मोजा, नाहीतर केंद्रावरचा स्लॉट (ठरलेली वेळ) घेऊन, गाडीभाडं भरून गेलेली गाडी परत येते. आणखी एक गोंधळ: काही पिनांच्या मीटरवर ‘रिगेन’चं स्केल असतं. त्यात पाण्याचा भाग कोरड्या कापसाशी मोजतात. ८.५ रिगेन म्हणजे ओलाव्याचे ७.८ टक्केच. खरेदीआधी कुठलं स्केल लावलंय ते बघा.

एकट्याने घ्यायचा का? दहा एकराच्या आत असाल तर चार-पाच जणांनी मिळून एक कपाचा घ्या, पण हाताळणारा एकच ठेवा. हात बदलला की ओतायची उंची बदलते आणि आकडाही. हंगाम संपला की बॅटरी काढा, कप कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. फवारणीच्या पंपाशेजारी तर ठेवूच नका. पिनांचा मीटर वेगळा घ्यायचा तर कापूस निदान पंधरा-वीस क्विंटल होत असेल तरच. त्याहून कमी असेल तर शेजाऱ्याचा मागून आणा, पण दसऱ्याआधी, कारण नंतर तो रिकामा सापडत नाही.