जुनी कॅट ५ई वायरिंग आणि २.५ गिगाबिट स्विच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

भिंतीतली नेटवर्कची केबल जुनी, कॅट ५ई दर्जाची. ती उपसायची तयारी नव्हती, म्हणून फक्त स्विच (सगळ्या केबली जिथे येऊन जोडल्या जातात तो डबा) बदलला: आठ पोर्ट २.५ गिगाबिटचे, दोन एसएफपी प्लसचे, म्हणजे वेगळं मॉड्यूल खुपसायचे १० गिगाबिटचे खाचे. भिंतीवरच्या पाच पॉइंटपैकी चार पहिल्याच दिवशी २.५ वर जोडले गेले. आयपर्फ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर लावलं तर सेकंदाला २.३५ गिगाबिट मिळाले, आधी ९४० मेगाबिटच्या वर कधी जात नव्हतं. यात नवल नाही. २०१६ च्या ८०२.३बीझेड या इथरनेट मानकात कॅट ५ई वर १०० मीटरपर्यंत २.५ गिगाबिट धरलेलंच आहे.

पाचवा पॉइंट १०० मेगाबिटवर अडला. मी केबललाच दोष देत बसलो होतो. जॅक उघडला तेव्हा केबलमधल्या चार जोड्यांपैकी तपकिरी जोडीतली एक तार नीट पंच झालेली (जॅकच्या खाचेत दाबून बसवलेली) नव्हती. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, त्यापुढे चारही लागतात. म्हणजे तो पॉइंट आधीपासूनच तसा चालत असणार, कोणी पाहिलंच नव्हतं.

आणखी एका पॉइंटवर दिवा २.५ चा लागायचा, पण मोठी फाइल मध्येच मंदावायची. स्विचच्या सेटिंगच्या पानावर त्या पोर्टचे सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) वाढताना दिसले. जॅकमध्ये जोड्यांचा पीळ बराच लांबपर्यंत उलगडलेला होता. पीळ अगदी टोकापर्यंत ठेवून पुन्हा पंच केलं, त्यानंतर आकडा हललेला नाही. नुसत्या दिव्यावर विश्वास ठेवू नका, एरर काउंटर बघा.

खरा मनस्ताप मात्र संगणकातल्या जुन्या १० गिगाबिट नेटवर्क कार्डाने दिला. ते २.५ च्या पोर्टला लावलं की सरळ १ गिगाबिटवर उतरतं. १०जीबेस-टी हे तांब्याच्या केबलवरच्या १० गिगाबिटचं मानक २००६ चं, २.५ आणि ५ त्यानंतर दहा वर्षांनी आले, त्यामुळे जुन्या कार्डांना आणि स्विचना हे मधले वेग माहीतच नाहीत. दोन्ही टोकं महाग आणि वेगवान असूनही मधला वेग जुळत नाही, हे मला खरेदीआधी कळायला हवं होतं. डबीवर ‘१० गिगाबिट’ वाचून थांबू नका. १०/५/२.५/१ असे सगळे आकडे तिथे लिहिलेले आहेत का ते पाहा.

त्याच कार्डासाठी स्विचच्या एसएफपी प्लसमध्ये तांब्याचं मॉड्यूल (नेहमीची नेटवर्क केबल लावता येणारं) घातलं. चाललं, पण इतकं तापलं की बोट ठेववेना. आता कार्डच बदलून तिथे डॅक केबल (दोन्ही टोकांना एसएफपी प्लसचे प्लग असलेली तयार केबल) लावली आहे, ती थंड राहते.

एका संगणकाची लिंक दिवसातून दोन-तीनदा तुटायची. त्याच्या कार्डाच्या सेटिंगमध्ये ऊर्जाबचतीचा ईईई पर्याय बंद केल्यापासून तुटलेली नाही.

वरच्या खोलीत मला १० गिगाबिट हवेत. तिथे वरच्या दर्जाची कॅट ६ए केबल ओढणार आहे. कॅट ६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंतच धरतात, शिवाय एकत्र बांधलेल्या केबलींचा एकमेकींना त्रास होतो. बाकी चार केबलींना हात लावणार नाही.