बिदरी, अजरख आणि चन्नपट्टणची खेळणी: प्रवासातली खरेदी घरी वापरल्यानंतरचा अनुभव

हस्तकलेच्या वस्तूंविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक खरेदीच्या दिवशीचे असते. कारागीर नुकताच भेटलेला असतो, नक्षीचे कौतुक ताजे असते आणि वस्तू अजून वर्तमानपत्राच्या कागदातून बाहेरही निघालेली नसते. मी लिहीत आहे ते त्यानंतरच्या महिन्यांविषयी. बीदर, कच्छ आणि चन्नपट्टण येथे घेतलेल्या काही वस्तू आम्ही काचेच्या कपाटात न ठेवता रोजच्या वापरात घेतल्या, आणि आता एक उन्हाळा व एक पावसाळा त्यांच्यावरून गेला आहे. या काळात एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. दुकानात आपण ‘हे कसे बनवतात’ असे हौसेने विचारतो, परंतु घरी आल्यावर कामाला येते ते ‘हे बिघडले तर काय करायचे’ या प्रश्नाचे उत्तर. ज्या विक्रेत्याने ते नेमके दिले त्याच्याच वस्तू आमच्याकडे नीट राहिल्या आहेत, आणि हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

बीदरची झाकणाची बिदरी डबी, म्हणजे काळ्या धातूवर चांदीचे जडावकाम केलेली डबी, माझ्या लिहिण्याच्या टेबलावर असते आणि तिच्यात टाचण्या, सुटी नाणी असे किरकोळ सामान राहते. बिदरीचा धातू जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणाचा असतो व त्यात जस्ताचा वाटा फार मोठा असतो. वाळूच्या साच्यात ओतलेली वस्तू घासून गुळगुळीत करतात, तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवून तात्पुरता काळेपणा आणतात, म्हणजे कोरताना रेघ उठून दिसते, आणि कोरलेल्या चरांत चांदीची तार किंवा पातळ पत्रा ठोकून बसवतात. अखेरीस नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातील ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती एकत्र करून त्या द्रावणाने तापवलेली वस्तू माखली की जस्ताचा भाग कायमचा काळा पडतो आणि चांदी मात्र पांढरीच राहते. या मातीची पारख कारागीर जिभेवर चव घेऊन करतात. डबीचे पुढे जे काही झाले ते सगळे या शेवटच्या पायरीशी निगडित आहे. तो काळा रंग वरून दिलेला लेप नसून धातूच्या पृष्ठभागातच झालेला बदल आहे. त्यामुळे त्याचे पापुद्रे निघत नाहीत, परंतु आंबट पदार्थाने किंवा घासणीने तो फिका पडतो.

म्हणूनच घरातल्या चांदीच्या भांड्यांना आपण जे उपचार करतो ते बिदरीला चालत नाहीत. चिंच, लिंबू किंवा चांदी उजळण्याचे तयार द्रावण लावले तर चांदी लखलखेल, पण तिच्या भोवतालचा काळेपणा जाईल, आणि बिदरीत पाहण्यासारखे जे आहे ते त्या दोन रंगांमधल्या अंतरातच आहे. आम्ही अधूनमधून मऊ सुती फडक्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब घेऊन डबी पुसतो आणि कोरड्या फडक्याने तेल टिपून घेतो. तेवढ्याने काळा रंग पुन्हा गडद होतो. चांदीवर हळूहळू पिवळसर झाक आली आहे, ती मी तशीच राहू दिली आहे. एक खूण मात्र खटकते. झाकण वाटेत उघडू नये म्हणून विक्रेत्याने डबीला रबरबँड लावून दिला होता. रबरातल्या गंधकाने चांदीच्या फुलांवरून एक बारीक काळपट रेघ ओढली गेली, आणि तिरप्या उजेडात ती आजही दिसते. बिदरी घेणाऱ्यांनी रबरबँड दुकानातच काढून घ्यावा आणि सुती दोऱ्याने झाकण बांधून मागावे.

सोबतच्या मंडळींनी महामार्गालगतच्या एका मोठ्या दालनातून ‘बिदरी’ म्हणून एक फुलदाणी घेतली होती. ती हातात घेताच हलकी लागत होती, आणि ही गोष्ट तेथेच पुरेशी बोलकी होती, कारण जस्त हे ॲल्युमिनियमच्या अडीचपट जड असते. काही महिन्यांत तिच्या कडेचा काळा रंग नखाएवढ्या तुकड्यांनी निघू लागला आणि आतून चकचकीत पांढरा धातू दिसू लागला. खऱ्या वस्तूला हे होत नाही. खऱ्या वस्तूचा दोष वेगळा आहे: जस्ताचे ओतकाम ठिसूळ असते, त्यामुळे फरशीवर पडले तर पितळेसारखा पोचा न येता सरळ तडा जाण्याची भीती असते. शिवाय आतून काच किंवा दुसरे भांडे न बसवता बिदरी फुलदाणीत पाणी भरून ठेवू नये, आणि आंबट खाद्यपदार्थ तर तिच्यात मुळीच ठेवू नयेत.

झाकणाच्या कडेला चांदीच्या तारेचे एक टोक पावसाळ्याच्या सुमारास उचकटले. डोळ्यांना ते फारसे दिसत नव्हते, पण पुसताना फडक्याचा धागा नेमका तेथेच अडकायचा. बिलावर कारागिराने स्वतःच्या हाताने फोन नंबर लिहून दिला होता. त्याने सांगितले की डिंक किंवा कसलेही चिकट द्रव्य लावू नका, डबी पाठवा. तार पुन्हा ठोकून आणि तेवढा भाग पुन्हा काळा करून त्याने डबी परत पाठवली, आणि आता ते टोक शोधूनही सापडत नाही. बिदरी कामाला २००६ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि बीदरचे बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून या कलेची चर्चाही वाढली आहे. तरीही माझ्या दृष्टीने त्या बिलावरचा नंबर हीच या खरेदीतली सर्वांत मोलाची गोष्ट ठरली.

कच्छमधून घेतलेली अजरखची, म्हणजे लाकडी ठशांनी छापून रंगवलेल्या कापडाची, चादर हा यांतला सर्वांत जास्त वापरलेला आणि सर्वांत जास्त धुतलेला जिन्नस आहे, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहिणे भाग आहे. अजरखमध्ये कापड आधी धुऊन त्याला हिरड्याचे पाणी देतात, मग चुना आणि डिंक यांच्या मिश्रणाने रंग लागू नये अशी जागा छापतात, लोखंडाचा भंगार आणि गूळ आंबवून काढलेल्या द्रावणाने काळा छापतात, तुरटीने लाल रंगाची जागा छापतात, आणि त्यानंतर निळीची व मंजिष्ठाची (लाल रंग देणाऱ्या मुळांची) रंगाई होते. मधल्या धुलाया आणि वाळवण धरले तर ही साखळी फार लांबते. उत्तम अजरख दोन्ही बाजूंनी छापलेले असते. हा गुण मी दुकानात केवळ कौशल्य म्हणून पाहिला होता, पण चादर उलटी-सुलटी दोन्ही प्रकारे अंथरता येते आणि झीज दोन्ही बाजूंना वाटली जाते, हा त्याचा खरा फायदा घरी आल्यावर लक्षात आला.

निळीच्या बाबतीत एक समज फार पसरलेला आहे. ओला पांढरा रुमाल कापडावर घासावा आणि रंग लागला तर माल खोटा समजावा, असे सांगितले जाते. निळीला ही कसोटी लावली तर बरेचदा अस्सल कापडच नापास होते. निळ पाण्यात विरघळत नाही. कुंडात ती विरघळणाऱ्या रूपात आणली जाते, धाग्यात शिरते, आणि कापड बाहेर काढून हवा लागली की पुन्हा अविद्राव्य होऊन तेथेच बसते. जी पृष्ठभागावर सैल राहते ती सुरुवातीला घासली की निघते. आमच्या चादरीनेही पहिल्या काही धुण्यांत बादलीतले पाणी निळे केले आणि पांढऱ्या उशीच्या अभ्र्याच्या कडेला फिकट निळी छटा चढवली. विक्रेत्याने हे आधीच सांगितले होते आणि तोवर चादर वेगळी धुवा असे बजावले होते. पुढे रंग जाणे थांबले. ओल्या रुमालापेक्षा कापड उलटून पाहणे आणि ठशांचे सांधे शोधणे अधिक भरवशाचे आहे. आमच्या चादरीत साधारण वीतभर अंतरावर एक ठसा संपून दुसरा सुरू होतो, आणि तेथे काळी रेघ कोठे किंचित जाड, तर कोठे केसभर सरकलेली दिसते. यंत्रावर छापलेल्या नकलेत हे सांधे नसतात, किंवा असलेच तर प्रत्येक वेळी तंतोतंत सारखे असतात.

‘संपूर्ण नैसर्गिक रंग’ या दाव्याविषयी मी आता फारसा आग्रही राहिलेलो नाही. मंजिष्ठाच्या जातीतील मुळांमधून मिळणारे अलिझरिन हे रंगद्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यात तयार होऊ लागले, आणि १८९७ पासून कृत्रिम निळही बाजारात आली. रासायनिकदृष्ट्या कृत्रिम निळीतले मुख्य द्रव्य वनस्पतीतल्या द्रव्याहून वेगळे नसते. वापरणाऱ्याला धुताना, वाळवताना किंवा अंथरताना त्यात फरक जाणवेल असे मला वाटत नाही. खरा प्रश्न प्रामाणिकपणाचा आणि किमतीचा आहे: जो विक्रेता लाल रंगासाठी अलिझरिनची पूड वापरतो असे सरळ सांगतो, त्याच्या बाकीच्या सांगण्यावरही मी विश्वास ठेवतो.

पाण्याचा विषय मात्र खरोखर महत्त्वाचा निघाला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका या अजरखच्या गावातल्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले आणि ते रंगाईला अयोग्य ठरू लागले, म्हणून तेथील छपाई-रंगाई करणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर वसवले. ज्या कारणासाठी रंगाऱ्यांनी गाव बदलले, तेच कारण चादर धुणाऱ्यालाही लागू पडते, कारण लोहाने हे रंग मंद होतात. ज्यांच्याकडे बोअरवेलचे तांबूस डाग पाडणारे पाणी येते त्यांनी अशी चादर नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात धुवावी. आम्ही सौम्य साबण वापरतो, सोडा टाळतो आणि सावलीत वाळवतो. लाल रंग सर्वांत चांगला टिकला आहे. निळा थोडा उतरला आहे, पण शोभेल असाच उतरला आहे. काळ्याविषयी एक सावधगिरी: लोहाधारित काळा रंग दीर्घकाळात सुताला कमकुवत करतो हे जुन्या वस्त्रांचे जतन करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. आमच्या चादरीत अद्याप तसे काही नाही, तरी काळ्या रेघा मी पिळताना जपतो.

चन्नपट्टण बेंगळुरू आणि म्हैसूर यांच्या मधल्या रस्त्यावर आहे, त्यामुळे तेथे थांबणे सोपे असते आणि घाईत खरेदी होणेही सोपे असते. तेथील खेळणी परंपरेने काळ्या कुड्याच्या फिकट, गुळगुळीत लाकडाची असतात, जरी आता इतर लाकडेही वापरली जातात. फिरत्या लेथवरच्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, आणि मग केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. ब्रश नाही आणि रंग वाळण्याची वाटही पाहावी लागत नाही. घरातल्या लहान मुलाने आमची गाडी आणि भोवरे यांना पुष्कळ आपटले, चावले, जमिनीवर घसटले. लाकडाच्या कडांना खळगे पडले, पण लाखेचे टवके उडाले नाहीत. या बाबतीत मी अपेक्षेपेक्षा अधिक समाधानी आहे.

लाखेचे दोन शत्रू मात्र लक्षात ठेवावेत. एक म्हणजे उष्णता: सुमारे ७० अंश सेल्सिअसला लाख मऊ होऊ लागते, त्यामुळे उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर ही खेळणी ठेवू नयेत. दुसरा म्हणजे अल्कोहोल. घरी आलेल्या एका पाहुण्याने काळजीपोटी गाडीची चाके सॅनिटायझरने पुसली, आणि क्षणात चकाकी जाऊन त्यावर बोटांचे ठसे उमटावेत इतकी चिकट साय तयार झाली. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करणे पुरेसे असते. हळदीच्या रंगाचा पिवळा भोवरा खिडकीत राहिल्याने फिका झाला, तर त्याच वेळी घेतलेला पण खोलीच्या आतल्या बाजूला असलेला दुसरा भोवरा तसाच आहे. म्हणजे हा कारागिराचा दोष नसून हळदीचा स्वभाव आहे.

खेळण्यांवर आयएसआय चिन्ह नाही म्हणून काही जण बिचकतात. खेळण्यांना गुणवत्ता चिन्हाची सक्ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली, परंतु हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदणी झालेल्या कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या अधिकृत उत्पादकांच्या वस्तूंना तिच्यातून सूट दिलेली आहे. ही सूट रास्त आहे असे माझे मत आहे, पण तिचा अर्थ असाही होतो की सुटे मणी, खुंट्या आणि टोके तपासण्याचे काम आपल्याकडे येते. मी प्रत्येक चाक ओढून पाहतो. तसेच भौगोलिक मानांकनाचेही आहे: ते प्रदेश आणि पद्धत यांची हमी देते, समोरच्या नगाला ठोकलेली तार घट्ट आहे की नाही हे ते सांगत नाही.

चुंबक, किल्ल्यांच्या साखळ्या आणि गावाचे नाव छापलेले कप यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. ते कोठे बनले हेही बहुधा कळत नाही. पाठीमागे हवा खेळती न राहिलेल्या चौकटीतील वारली चित्राला पावसाळ्यात बुरशीचे ठिपके आले, एवढे मात्र चित्र घेणाऱ्यांच्या कानावर असावे. शेणमातीचा हात दिलेले कापड आणि तांदळाच्या पिठाचा रंग यांना ओल मानवत नाही, तेव्हा चौकट भिंतीला चिकटवून न टांगता मागे थोडी फट ठेवून टांगावी.

यांतली कोणती खरेदी मी पुन्हा करीन असे विचाराल तर डबी आणि चादर निश्चितच. खेळणीही घेईन, परंतु वनस्पतिज रंगांची आणि खिडकीपासून दूर ठेवता येतील अशी. अजरखची पुढची खरेदी पलंगाच्या चादरीऐवजी ओढणीची असेल, कारण दुहेरी चादर ओली झाली की इतकी जड होते की पावसाळ्यात सावलीत ती वाळवायला पूर्ण दिवसही पुरत नाही.