जागेवर येऊन स्लाइड-आउट दुरुस्त करणारा तंत्रज्ञ: एका सेवेचा अनुभव

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या क्वार्टझसाइट गावाभोवतीच्या वाळवंटात हिवाळाभर मोटरहोमांची, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्यांची, वस्ती असते, आणि गाडी जिथे उभी असेल तिथे येऊन दुरुस्ती करणारे तंत्रज्ञही त्या हंगामात तिकडे फिरत असतात. अशाच एका तंत्रज्ञाकडून आम्ही आमच्या गाडीच्या स्लाइड-आउटमधील विजेचा बिघाड दुरुस्त करून घेतला. गाडी उभी केल्यावर बैठकीच्या खोलीचा एक भाग विजेच्या लहान मोटारींच्या साहाय्याने बाहेर सरकवून जागा वाढवण्याची ही सोय आहे. तो भाग बाहेर असताना गाडी चालवता येत नाही, त्यामुळे तो आत येईनासा झाला की मुक्काम हलवणेच अशक्य होते.

आमची तक्रार अशी होती की स्लाइड बाहेर जाताना कुरकुर करत का होईना जात असे, परंतु आत येताना, आणि तेही थंडीच्या सकाळी, काही इंच सरकून थांबत असे. घरातले दिवे मंद होत आणि एक कड दुसरीच्या पुढे गेल्याने सगळी खोली तिरकी दिसू लागे. एका कार्यशाळेने गाडी न पाहता, केवळ दूरध्वनीवर हे ऐकून, दोन्ही मोटारी बदलाव्या लागतील असे सांगितले होते. पुण्यात जुनी स्कूटर सांभाळलेल्या कोणालाही ‘आधी प्लग बदलून बघू’ हे वाक्य परिचयाचे असेल. फरक इतकाच, की प्लग स्वस्त असे.

आमच्या गाडीतील यंत्रणा श्विनटेक पद्धतीची आहे. स्लाइडच्या दोन्ही उभ्या कडांना भिंतीतच एकेक लहान मोटार असते, प्रत्येक मोटारीतील हॉल सेन्सर ती किती फिरली याचा संकेत पाठवतो, आणि त्या संकेतांवरून नियंत्रक दोन्ही मोटारींची चाल एकसारखी राखतो. विजेचा दाब अपुरा पडला की ही चाल बिघडते आणि खोली तिरकी होते, म्हणून पाहणाऱ्याला दोष मोटारीत किंवा ती ज्या दातेरी पट्टीवरून स्लाइड सरकवते तिच्यात असल्यासारखा वाटतो. या तंत्रज्ञाने तो मोह टाळला, आणि या सेवेची शिफारस करण्याचे मुख्य कारण तेच आहे.

त्याने आधी हँडब्रेक लावलेला आहे का आणि किल्ली योग्य स्थितीत आहे का हे पाहिले, कारण कित्येक मोटरहोमांत या अटी पुऱ्या झाल्याशिवाय स्लाइडला वीजच मिळत नाही. नंतर नियंत्रकाचे झाकण काढून लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजले. दोनदा लुकलुकणे म्हणजे स्लाइड चालू असताना दाब एकदम कोसळला. सुरुवातीलाच दाब कमी असेल तर तीनदा, मोटार जास्त प्रवाह ओढत असेल तर पाचदा, मोटारीत किंवा तिच्या तारांत शॉर्ट असेल तर सहादा आणि हॉल सेन्सरचा संकेत येत नसेल तर आठदा. आमच्याकडे दोनदाच लुकलुकत होता. म्हणजे मोटारींवर संशय घेण्याचे कारण खुद्द नियंत्रकही देत नव्हता.

मग विजेचा दाब मोजणारा मल्टिमीटर निघाला. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, पण स्लाइड बंद असताना घेतलेल्या या आकड्यावर त्याने विश्वास ठेवला नाही, आणि ते योग्यच होते. सैल किंवा गंजलेल्या जोडाचा दोष त्यातून प्रवाह वाहू लागल्यावरच मापात उतरतो. आम्हाला बटण दाबून ठेवायला सांगून त्याने बॅटरीच्या टोकांवर पुन्हा मोजले, तेव्हा दाब १२ च्या आसपास टिकून होता. नियंत्रकापाशी मात्र तो ८ च्याही खाली घसरत होता. वाटेत दाबात एवढी घट कुठे होते हे शोधण्यासाठी त्याने पॉझिटिव्ह तारेच्या दोन टोकांमधला फरक आणि निगेटिव्ह बाजूचा फरक स्लाइड चालू ठेवून वेगवेगळा मोजला. पॉझिटिव्हवर अर्ध्या व्होल्टहून कमी, निगेटिव्हवर जवळजवळ चार. पायऱ्यांच्या मागे गाडीच्या चासीला (सांगाड्याला) आवळलेला निगेटिव्ह बाजूचा, म्हणजे अर्थिंगचा, जोड रंगाच्या थरावरच बसवलेला होता आणि खालून गंजला होता. त्याने तेथील पत्रा घासून चकचकीत केला, तारेच्या टोकाला नवे थिंबल (धातूची टोपी) दाबून बसवले, दातेरी वॉशर घातला आणि वरून गंजरोधक फवारा मारला. त्यानंतर निगेटिव्हवरचा फरक नगण्य उरला, दिवे मंद होणे थांबले, आणि तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर दोन्ही मोटारींचा प्रवाह जवळपास सारखा दिसल्याने त्या धडधाकट असल्याचीही खात्री झाली. शेवटी स्लाइड पूर्ण बाहेर नेऊन मोटारी आपोआप थांबेपर्यंत बटण दाबून ठेवले, जेणेकरून दोन्ही बाजूंची चाल पुन्हा जुळावी.

दरांबद्दल तक्रार नाही. जागेवर येण्याचे १५० डॉलर, त्यातच पहिला तास, पुढे प्रत्येक अर्ध्या तासाचे वेगळे पैसे. साहित्याची किंमत किरकोळ होती. मोटारी किंवा बॅटरी खपवण्याची संधी असूनही त्याने ती घेतली नाही.

उणिवा मात्र आहेत. सकाळची वेळ देऊन तो दुपार उलटल्यावर आला आणि मध्ये एक निरोपही नाही. बिलावर केवळ ‘स्लाइड दुरुस्ती’ एवढेच लिहिले होते. मोजलेले आकडे लिहून मागितले तेव्हा मिळाले, खरे तर ते न मागता मिळायला हवेत, कारण उद्या गाडी विकताना किंवा वॉरंटीचा वाद निघाल्यास तोच पुरावा असतो. तातडीच्या प्रसंगी स्लाइड आत कशी घ्यायची हेही विचारल्यावरच सांगितले: नियंत्रकावरील मोडचे बटण सहा वेळा भराभर दाबायचे, सातव्यांदा लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरायचे, आणि मग नेहमीच्या स्विचने स्लाइड हलवायची. या स्थितीत नियंत्रक दोन्ही मोटारींची चाल जुळवत नाही, म्हणून दोन्ही कडांवर नजर ठेवायला माणूस लागतो. हा इशारा तर त्याने स्वतःहून द्यायला हवा होता.

विजेच्या कामासाठी आम्ही त्याला पुन्हा बोलावू. स्लाइडभोवतीचे रबरी सील बदलणे आणि पाण्याची गळती ही कामे तो घेत नाही आणि तसे आधीच स्पष्ट सांगतो. बोलावण्यापूर्वी लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून ठेवावे आणि बॅटऱ्या पूर्ण भारित कराव्यात, म्हणजे पैसे मोजलेला पहिला तास जनरेटर चालवत बसण्यात जाणार नाही.