शेकोटीसाठी मॅग्नेशियमचा ठोकळा की काडेपेटी?

भाचा पहिल्यांदाच सह्याद्रीत मुक्कामी ट्रेकला निघालाय. सॅकमध्ये यातलं काय टाकू, विचारत होता. ठोकळा म्हणजे मॅग्नेशियम या धातूची छोटी वडी, कडेला ठिणग्या पाडणारी काळी सळई बसवलेली.

किमतीत तुलनाच नाही: काडेपेटी 2 रुपयांना, ठोकळ्याला काही शे रुपये.

ओल मात्र काडेपेटीला सोसत नाही. दवाने पेटीची कड मऊ पडली की काडीचं गुल नुसतं खरवडून निघतं. ठोकळा ओढ्यात पडला तरी पुसायचा, ठिणग्या तयार.

खरा फरक मेहनतीत. चाकूच्या पाठीने ठोकळा किसून रुपयाच्या नाण्याएवढा ढीग जमवायचा. कीस इतका हलका की झुळूक आली की उडाला, म्हणून आडोसा हवाच. मग काळ्या सळईवर पातं दाबून ओढायचं. कीस पांढराशुभ्र पेटतो, आच 3000 अंशांच्या आसपास, पण काही सेकंदच. शेजारी सुकं गवत किंवा नारळाची शेंडी नसेल तर सगळं वाया. पेटत्या किसावर पाणी मुळीच ओतू नये, तो भडकतो. कोरडी माती टाकावी.

हिवाळ्यातल्या एका रात्रीला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या दोन काडेपेट्या पुरतात. पावसाळी किंवा चार-पाच दिवसांच्या वाटेला ठोकळा घ्यावा, तोही घरच्या अंगणात हात बसल्यावरच.