‘बॉरो’ आणि ‘लेंड’च्या कसोटीवर एक शब्दकोश

आठवीतल्या भाचीने मैत्रिणीला इंग्रजीत चिठ्ठी लिहिली होती : ‘प्लीज बॉरो मी युवर सायकल.’ येथे ‘लेंड’ हवे, हे तिला पटेना; कारण तिच्या दप्तरातल्या छोट्या इंग्रजी-मराठी कोशात ‘बॉरो’समोर ‘उसनवार करणे’ आणि ‘लेंड’समोर ‘कर्ज देणे’ एवढेच छापलेले, आणि सायकल म्हणजे काही कर्ज नव्हे!

म्हणून ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ काढली. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांसह रचलेला हा कोश प्रथम १९४२ साली तोक्योत निघाला आणि १९४८पासून ऑक्सफर्डच्या नावावर आहे. परभाषकाचे अडते ते अर्थापेक्षा वाक्यरचनेत, ही शिक्षकाची जाण त्याच्या नोंदींत दिसते. ‘बॉरो समथिंग फ्रॉम समबडी’ आणि ‘लेंड समबडी समथिंग’ असे वाक्याचे साचेच तेथे दिलेले असल्यामुळे पहिल्या क्रियापदाचा कर्ता घेणारा आणि दुसऱ्याचा देणारा, हे व्याकरणाची परिभाषा न वापरता कळते. मराठीत ‘उसने’ तसेच राहते आणि ‘घेणे’-‘देणे’ तेवढे बदलते. इंग्रजीत अख्खे क्रियापदच बदलते. (घर भाड्याने घेणे आणि देणे या दोहोंना मात्र तीच इंग्रजी एकाच ‘रेंट’वर भागवते, हा भाचीचा आक्षेप रास्त होता.) ‘लेंड’चा भूतकाळ ‘लेंट’ होतो आणि त्याच अर्थी ‘लोन’ हे क्रियापद मुख्यतः अमेरिकेकडे चालते, हेही येथे सापडते.

कोश इंग्रजी-इंग्रजी असल्यामुळे एक गोष्ट आपली आपणच जुळवावी लागते. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर साखरच परत करायची असते, आणि इंग्रजीत तिथे ‘बॉरो’ चालते. वाण्याकडून उधारीवर आणलेल्या साखरेचे मात्र पैसे द्यायचे असतात, म्हणून तिथे ‘बाय ऑन क्रेडिट’ म्हणावे लागते. मराठीतला हा भेद ज्याला मुळात ठाऊक नाही, त्याला केवळ इंग्रजी नोंदीवरून तो उमगणे कठीण आहे.

व्याख्या सोप्या शब्दांत असल्या तरी आठवीच्या मुलांजवळ पहिले काही दिवस कोणीतरी मोठे माणूस बसलेले बरे. छापील प्रत जाडजूड आहे. नुसती नोंद पाहायची असेल तर संकेतस्थळावर ती विनामूल्य वाचता येते.