वृषणातल्या जननपेशी जगवायच्या: तुकडा ठेवावा की पेशी सुट्या कराव्यात?

गोव्यात ताळगाव पठारावर किंवा फोंड्यात एम.एस्सी.चा प्रबंध करणाऱ्याला मार्केटातल्या खाटकाकडून बोकडाचं वृषण सहज मिळतं. ते आणल्यावर त्याचं काय करायचं, हे मात्र आधीच ठरलेलं असावं. एकतर १ ते २ मिलिमीटरचे तुकडे अगारोजच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) ठोकळ्यावर ठेवायचे, नाहीतर एन्झाइमने पेशी सुट्या करायच्या. आमचं मत पहिल्याकडे झुकतं. कारण वृषणाच्या रचनेतच आहे.

जननपेशी एकट्याने जगत नाही. शुक्राणू बनवणाऱ्या नलिकांमधली आधार देणारी सर्टोली पेशी तिला लॅक्टेट पुरवते. वाढीच्या पुढच्या टप्प्यातल्या जननपेशींचं इंधन मुख्यतः तेच. सर्टोली पेशींमधले घट्ट सांधे रक्त-वृषण अडसर उभा करतात आणि नलिकेच्या आतलं वातावरण वेगळं राखतात. बाहेर लॅमिनिन आणि कोलॅजन-४ चं आधारपटल, त्याला लागून स्नायूसदृश पेशी, आणि नलिकांच्या मधल्या जागेत टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी. तुकड्यात हे सगळं जागच्या जागी राहतं. ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम पडलं की पेशीपृष्ठावरची पकडही तुटते, आणि आधार सुटलेल्या पेशी पुष्कळदा आत्मनाशाच्या वाटेला लागतात.

म्हणूनच सुट्या पेशी पहिल्या दिवशी फसवतात. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींनाच रंगवणारं द्रव्य) लावलं की बहुतेक जिवंत दिसतात, गळती त्यानंतरच्या दिवसांत होते. शिवाय सर्टोली पेशी तळाला चिकटतात आणि जननपेशी बऱ्याचशा सैल किंवा तरंगत राहतात. मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) बदलताना त्याच सिंकमध्ये जातात! काढलेलं मीडियम सेंट्रिफ्यूज करून त्यातल्या पेशी मोजल्याशिवाय आकडा लिहू नये.

पेशी सुट्या करायच्याच असतील तर कोलॅजन तोडणारं एन्झाइम कोलॅजिनेज १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंशांवर, १० ते १५ मिनिटं हलवत, मग ट्रिप्सिन. कोलॅजिनेजला कॅल्शियम लागतं, म्हणून कॅल्शियम बांधून टाकणारं ईडीटीए असलेलं द्रावण या पायरीला चालत नाही. पिपेटच्या टोकाला शेंबडासारखी चिकट तार लागली, तर फुटलेल्या पेशींचा डीएनए बाहेर आलाय असं समजा आणि तो तोडणारं एन्झाइम डीएनेज घाला. जोरजोरात पिपेट मारल्याने पेशी आणखी फुटतात.

तुकड्याचा शत्रू वेगळा: प्राणवायू. रक्तपुरवठा तुटलेला, आणि प्राणवायू ऊतकात साधारण १०० ते २०० मायक्रॉनच आत झिरपतो. मोठा तुकडा मधून मरतो. छेद घेतला की कडेच्या नलिका चांगल्या आणि मध्यभाग फिका, केंद्रकं विरलेली दिसतात. म्हणून १.५ टक्के अगारोजचा ठोकळा मीडियममध्ये अर्ध्याहून जास्त बुडवायचा आणि तुकडा वर, हवेच्या सीमेवर ठेवायचा. तुकडा बुडाला की संपलं. तापमान ३४ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. प्रयोगशाळेतला सामायिक इन्क्युबेटर बहुधा ३७ वर असतो, त्यामुळे ही सोय आधी विचारून घ्या.

योकोहामाच्या गटाने २०११ मध्ये नवजात उंदराच्या वृषणाच्या तुकड्यातून याच रीतीने कार्यक्षम शुक्राणू मिळवले. बोकडाकडून तेवढी अपेक्षा धरू नका. वयात आलेल्या जनावराचं ऊतक लवकर ढासळतं, पिलाचं तुलनेने टिकतं. २००२ मध्ये करडाच्या वृषणाचे तुकडे उंदराच्या कातडीखाली रुजवून शुक्राणू मिळाले होते, पण प्रबंधाच्या मुदतीत ती वाट नको. उंदीर म्हटला की संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरीही आलीच.

फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेझरपुढून नेऊन मोजणं), स्टेम पेशींचं प्रत्यारोपण किंवा एकाच प्रकारच्या पेशीवर औषधाची मात्रा तपासणं असेल, तर सुट्या पेशींना पर्याय नाही. तेव्हा ताटली लॅमिनिनने लेपा आणि सर्टोली पेशी सोबत ठेवा. कीटकनाशकाचा वृषणावर परिणाम बघायचा असेल तर तुकडाच घ्या, कारण तो परिणाम अनेकदा सर्टोलीच्या सांध्यांवरच आधी दिसतो.

पावसाळ्यात इथे बुरशी फार. वृषण वरच्या कवचासह, अँटिबायोटिक घातलेल्या थंड द्रावणात आणा. बर्फ डब्याबाहेर, ऊतकाला थेट लागता कामा नये. कवच आत, निर्जंतुक हवेच्या हूडमध्येच काढा. आणि पहिल्याच दिवशी एक तुकडा ऊतक आहे तसं टिकवणाऱ्या बुईन द्रावणात टाकून ठेवा, नाहीतर सातव्या दिवशीच्या छेदाशी ताडून बघायला काहीच उरत नाही.